१०६० च्या जागी काय बसवायचं? आधी कार्ड सोडून बाकीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: मशीन २०१९ चं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, तेव्हाचाच ५०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. वर्षभरात १४४०पी मॉनिटर घ्यायचा विचार आहे. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीवालं घ्यावं, १६ जीबीवालं घ्यावं, की थोडं ताणून ५०७० च घेऊन टाकावं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. ५०७० नको. ८ जीबीचं तर अजिबात नको. १६ जीबीचं कार्ड घ्या आणि ५०७० साठी जे जास्तीचे पैसे घालणार होतात ते प्रोसेसरवर घाला. कार्ड कुठलंही आणलंत तरी २६०० त्याला पुरेसं काम देऊ शकणार नाही, हे माझं मत आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमच्याच मशीनवर अर्ध्या तासात तपासता येतं.

एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात तीन आकडे दिसतील असं करा: कार्डाचा वापर टक्क्यांत, फ्रेम टाइम (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, काढायला लागणारा वेळ) मिलिसेकंदांत आणि कार्डावरची मेमरी किती भरली ते. व्ही-सिंक (फ्रेमना मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, फ्रेमची मर्यादा लावली असेल तर तीही काढा. मग खेळात जिथे सगळ्यात जास्त वैताग येतो तिथे जा. रिकाम्या डोंगरावर नाही. गर्दीचा चौक, बाजार, भरधाव गाडी असलं काही. तिथे कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड दमलंय. तुमच्या १०६० वर नव्या खेळांत तेच दिसेल, त्यात नवल नाही.

खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. त्याच जागी उभं राहून फक्त रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. बाकी एकही सेटिंग हलवू नका. लोक इथेच चुकतात, घाईघाईत सगळं ‘लो’ करून टाकतात. गर्दीचं प्रमाण, किती लांबपर्यंतचं दिसावं, ही सेटिंग्ज कमी केली की प्रोसेसरचाही भार उतरतो आणि चाचणी खोटी पडते. नुसतं रिझोल्यूशन उतरवलं की कार्डावरचं ओझं कमी होतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. आता जो आकडा दिसेल ती तुमच्या प्रोसेसरची कमाल. समजा १०८०पी ला ४५ फ्रेम येत होत्या आणि ७२०पी ला ६८ आल्या, तर जगातलं सगळ्यात महाग कार्ड आणूनही त्या चौकात तुम्हाला ७० च्या आसपासच मिळणार. ४५ चे ५० च झाले आणि कार्डाचा वापरही ९९ वरून ७० टक्क्यांवर घसरला, तर अडचण आत्ताच प्रोसेसरची आहे. रिझोल्यूशन उतरवूनही कार्ड ९९ वरच असेल तर अजून खाली या, नाहीतर प्रोसेसरची कमाल दिसणारच नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४५ टक्के दिसतो म्हणून तो निवांत बसलाय असं समजू नका. २६०० मध्ये ६ कोर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. खेळाचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा साधारण ८ टक्के. बारा जणांत एकटा राबतोय आणि हजेरीपटावर सगळेच आरामात दिसतात, असा तो प्रकार. म्हणून प्रोसेसरचा टक्का बघायचाच नाही, कार्डाचा बघायचा.

आणि सरासरी फ्रेमवर भाळू नका. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सेकंदातल्या ५९ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकीला ५० मिलिसेकंद लागले, तरी सरासरी ५८-५९ दाखवेल. डोळ्याला मात्र तो झटका बरोबर कळतो. आफ्टरबर्नरमधला फ्रेम टाइमचा आलेख सपाट आहे की करवतीच्या दातांसारखा, हे बघणं सरासरीपेक्षा कितीतरी उपयोगाचं.

मग २६०० चं काय करायचं? इथे तुमचं नशीब चांगलं आहे. बी४५० वर एएमडीची एएम४ सॉकेटची मालिका चालते, त्यामुळे बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० त्याच मदरबोर्डात, त्याच रॅमसकट बसतो. २६०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, तीही ८-८ च्या दोन तुकड्यांत. एका गटातल्या कोरला दुसऱ्या गटातलं काही हवं असेल तर वळसा पडतो. ५६०० मध्ये ३२ एमबी सलग, सहाही कोरना मिळून एकच. खेळांना हा फरक फार लागतो, कारण त्यांचा बराच वेळ रॅमकडून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. त्याच कारणाने ९६ एमबी कॅशवाला ५७००एक्स३डी खेळांत आणखी पुढे आहे. चांगल्या अवस्थेत, वाजवी भावात मिळाला तर जरूर घ्या. नाही मिळाला तर त्याच्यासाठी अडून बसू नका.

बायोसचं काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरका. नवा बसवून मग बायोस बदलू म्हणाल तर मशीन चालूच होणार नाही, आणि मग २६०० परत बसवण्याचा खटाटोप. आणखी एक. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि जुनी थर्मल पेस्ट सिमेंटसारखी धरते. कूलर सरळ वर ओढलात तर प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून कूलरला चिकटून बाहेर येतो. मी स्वतः एकदा तसा उपटलाय आणि कोपऱ्यातल्या वाकलेल्या चार पिना क्लच पेन्सिलच्या पोकळ टोकाने सरळ करत संध्याकाळ घालवली आहे. आधी दहा मिनिटं एखादा खेळ चालवा म्हणजे पेस्ट मऊ पडेल, मग मशीन बंद करा, कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा, तो सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

आता ८ की १६ जीबी. याच्यावर नुसती वादावादी चालते, पण तुमच्या मशीनपुरतं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

५०६० टीआयची मेमरी १२८ बिट रुंद, वेग २८ गिगाबिट. गुणून आठने भागलं की सेकंदाला ४४८ जीबी. कार्डाचं डोकं आणि त्याची मेमरी यांच्यातला हा रस्ता. खेळाला ८ जीबी पुरेनासे झाले की उरलेली टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) तुमच्या मुख्य रॅममध्ये जाऊन पडतात आणि लागतील तशी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ये-जा करतात. हा स्लॉट लांबीला १६ लेनचा (माहिती नेणाऱ्या पट्ट्यांचा) दिसतो, पण ५०६० टीआय त्यातल्या फक्त ८ वापरतं. पीसीआयई ५.० च्या मदरबोर्डवर त्या ८ लेन सेकंदाला ३२ जीबीच्या आसपास नेतात. तुमचा बी४५० मात्र ३.० चा. तिथे त्याच ८ लेनमधून जेमतेम ८ जीबी जातात. म्हणजे ४४८ च्या महामार्गावरून एकदम ८ च्या बोळात. ८ जीबीचं कार्ड कुठेही अडखळतं, पण जुन्या बोर्डवर ते चांगलंच आपटतं. आणि नवीन मशीनवर घेतलेल्या चाचण्यांमध्ये हे तुम्हाला दिसणार नाही, कारण चाचणी घेणाऱ्याकडे बहुधा सगळ्यात ताजा बोर्ड असतो.

याचं टोकाचं उदाहरण जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी मेमरी आणि फक्त ४ लेन. पीसीआयई ४.० वर कसंबसं चालायचं, ३.० वर तेच कार्ड कित्येक खेळांत लंगडं व्हायचं. आणि ते विकत घेणारे बरेच जण ३.० वालेच होते.

मेमरी कमी पडली की दर वेळी फ्रेमच पडतात असंही नाही. काही खेळ शहाणपणा करून टेक्स्चर गुपचूप धूसर करतात. आकडा छान, आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचता येत नाही. आलेख बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही, खेळणाऱ्याला कळतं.

८ आणि १६ जीबीच्या ५०६० टीआयमधला चिप एकच, नाव एकच, खोक्यावरचा एक आकडा वेगळा. म्हणून ऑर्डर देताना तो आकडा दोनदा वाचा. हा नावांचा घोळ नवा नाही. १०६० चंच ३ जीबीवालं रूप आठवा: मेमरी अर्धी होतीच, शिवाय कोरही १२८० ऐवजी ११५२. ३०६० चं १२ जीबीवालं १९२ बिटचं, पुढे आलेलं ८ जीबीवालं १२८ बिटचं, नाव तेच. सगळ्यात निर्लज्ज प्रकार जीटी १०३० चा. जीडीडीआर५ वाल्याला सेकंदाला ४८ जीबी, आणि २०१८ मध्ये त्याच नावाने आलेल्या डीडीआर४ वाल्याला १७ सुद्धा नाही.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव मी घालतो: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालंच. (याचंही ८ जीबीचं भावंड आहे, सांभाळा.) त्याच्या मेमरीचा वेग ५०६० टीआयपेक्षा कमी आहे, ३२० च्या आसपास. पण ते १६ च्या १६ लेन वापरतं. म्हणजे तुमच्या ३.० बोर्डवर त्याला ५०६० टीआयच्या दुप्पट रुंद रस्ता मिळतो. १६ जीबी मेमरी असताना या फरकाची गरज क्वचितच पडेल, पण जुन्या बोर्डवर तेवढी निश्चिंती. रे-ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) जास्त वापरणार असाल, किंवा व्हिडिओ-थ्रीडीचं काम करत असाल आणि सॉफ्टवेअर एनव्हिडियाच मागत असेल तर ५०६० टीआय. नुसतं खेळणं असेल तर दोघांतलं जे स्वस्त मिळेल ते. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर या मशीनसाठी मी ९०६० एक्सटी उचलेन.

इंटेलचं आर्क बी५८० कुणीतरी सुचवेलच. १२ जीबी, १९२ बिट, कागदावर छान. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला फार राबवतो, आणि जुन्या सहा कोरवाल्यांवर त्याची कामगिरी बरीच घसरते हे २०२५ च्या सुरुवातीलाच उघड झालं. शिवाय त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच. २६०० असताना ते घेऊच नका. ५६०० बसवल्यावरही माझा कल त्याच्याकडे नाही.

५०७० वाईट कार्ड नाही. १२ जीबी, १९२ बिट, ६७२ चा वेग, १६ लेन. पण २५० वॉट खातं, म्हणजे एसएमपीएस बदलणं आलं, आणि २६०० च्या मागे बांधलं तर अर्धा वेळ रिकामं बसेल. प्रोसेसर आणि एसएमपीएस दोन्ही बदलायची तयारी असेल तर विषय वेगळा.

एसएमपीएसचं आता बघू. ‘५०० वॉट’ हे शब्द विसरा, बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? ४० असतील तर ४८० वॉट, म्हणजे ५०० मधले जवळपास सगळे कामाच्या जागी. २८-३० असतील तर कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला ३५० च, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली. हिशोब असा: ५०६० टीआय १८० वॉट, ५६०० ऐंशीच्या आसपास, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५०-६०. सव्वातीनशेच्या आसपास. चांगला ५०० हे आरामात ओढतो. ९०६० एक्सटी १६० वॉटचं, म्हणजे आणखी थोडं हलकं. ‘८० प्लस’ चं बिल्लं वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. आतले सुटे भाग चांगले आहेत की नाहीत याची ती ग्वाही नव्हे.

पण कार्डाची भूक सपाट नसते. मिलिसेकंदापुरती ती लिहिलेल्या वॉटच्या बरीच वर उडी मारते. माझ्याकडे एक मशीन आलं होतं: खेळताना ठीक, पण लोडिंग संपून दृश्य उघडलं की फटकन बंद. मालकाने कार्ड दोनदा बदलून घेतलं होतं, विंडोज तीनदा टाकलं होतं. मी माझ्याकडचा दुसरा एसएमपीएस बाहेरूनच जोडला आणि दोन तास चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. लोडिंगच्या वेळी कार्ड निवांत असतं, मग एकदम पूर्ण भार येतो. त्या उडीला जुना एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडत होता. तुमचाही २०१९ चा आहे. चांगल्या मेकचा, लेबलवर ४० च्या आसपास अँपिअर असलेला आणि वॉरंटीत असेल तर ठेवा. एरवी ५५० ते ६५० चा नवा घ्या. काटकसर करायची ही जागा नव्हे.

कनेक्टर: स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनचा ७५, ८ पिनचा १५०. तुमच्या १०६० ला बहुधा एकच ६ पिन लावलेला असेल. त्याच केबलला ६+२ ची सोय आहे का बघा. साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून ८ पिन काढणारं अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते लावू नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट, आणि पुढचं कार्ड त्याच्याकडे १५० मागतं. प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला की कळतं. ५०६० टीआयच्या काही मॉडेलांना १६ पिनचा नवा कनेक्टर असतो. शक्यतो साध्या ८ पिनवालं बघा, जुन्या एसएमपीएसवर तेच सोयीचं.

जाडी-लांबी मोजायला विसरू नका. स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेप लावा. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरला जातात, अडीच-तीन स्लॉट जाड असतात आणि साटाच्या केबलवर येऊन बसतात. या वर्गातल्या कार्डांना तीन पंख्यांची गरजच नसते. दोन पंख्यांचं घ्या. फॅक्टरीतून थोडा क्लॉक वाढवून दिलेल्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, तो फरक खेळताना जाणवत नाही. वॉरंटीचं काम सरळ कोण करतं, याची चौकशी केलेली बरी.

मॉनिटरबद्दल एक गोष्ट. ६० हर्ट्झवर ११० फ्रेम काढल्या तरी पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो. आजच्या मॉनिटरवर नव्या कार्डाची बरीचशी ताकद दिसणारच नाही, म्हणून १४४०पी चा विचार लांबवू नका. पिक्सेल २०.७ लाखांवरून ३६.९ लाखांवर जातात, म्हणजे कार्डावर पावणेदोन पटींहून थोडं जास्तच काम, पण प्रोसेसरवर वाढीव भार जवळजवळ नाही. अपस्केलिंगही १४४०पी वर खरं शोभतं: ‘क्वालिटी’ मोडमध्ये चित्र आतून ९६०पी चं बनतं आणि मोठं होतं. १०८०पी वर तेच ७२०पी पासून सुरू होतं, तिथे बारीक तारा आणि पानं लुकलुकतात. फ्रेम जनरेशनचे (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून भरण्याचे) जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. मूळ फ्रेम ६० च्या आसपास असतील तरच ते गोड लागतं. ३० चे ९० करून दाखवलं तरी माऊस ३० सारखाच जड राहतो. शिवाय तेही मेमरी खातं, म्हणजे ८ जीबीवाल्याची पंचाईत परत आलीच. मॉनिटर घेताना व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेम येतील तसा पडद्याचा वेग बदलणं) असलेला घ्या. ७० आणि ९० च्या मध्ये हिंदकळणाऱ्या फ्रेम त्यावर गुळगुळीत वाटतात.

‘१०६० अजून एक वर्ष ढकलू का?’ असं मनात असेल तर: एनव्हिडियाने त्या मालिकेचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. आणि डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’, मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हे खेळ रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलंच कार्ड मागतात. तिथे सेटिंग कमी करून भागत नाही. जुनेच खेळ खेळत असाल तर खुशाल ढकला.

क्रम असा ठेवा: बायोस, मग प्रोसेसर, आठवडाभर १०६० वरच चालवा म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळेल. मग डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पुसा, कार्ड बदला. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद, रिसाइझेबल बार चालू. त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी मांडणीची आहे का बघा, जुन्या एमबीआर मांडणीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज उठणार नाही. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी ने ती बदलता येते, बॅकअप मात्र घ्या. रॅमचा एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बायोस अपडेटनंतर बंद झालेला असतो, तो परत चालू करा. रॅमची एकच १६ ची कांडी असेल तर तशीच दुसरी घाला, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्यांतून एकाच वेळी माहिती) मिळेल. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. हसू नका, जाणत्यांकडूनही होतं.

आणि १०६० लगेच विकू नका. २६०० मध्येही आणि ५६०० मध्येही अंगभूत ग्राफिक्स नाही. नवं कार्ड पंधरा दिवसांत बिघडून परत पाठवावं लागलं, तर तोवर पडद्यावर काही दिसायला घरात दुसरं कार्ड हवं.